इसार

टोपली हातात घेतल्या घेतल्या मावशींनी ती पालथी केली आणि आधी बूड बघितलं. आपण गिऱ्हाइकं वरचे रंग बघतो, कड बघतो, दांडी ओढून बघतो. त्यांनी बुडाचा मध्य अंगठ्यानं दाबला, विणीवरून बोट फिरवलं, एखादी काडी नखानं उचलता येते का ते पाहिलं. येत नव्हती.

"घट्ट हाये," त्या म्हणाल्या. "कुठनं आणलीत?"

"आफ्रिकेतनं आलीय. घाना नावाचा देश आहे तिकडं."

"तिथंबी बुरूड हायेत?"

बुरुड आळीत मी गेले होते सुपं घ्यायला. पिशवीत ही टोपली होती, ती सहज दाखवली. माझ्या मैत्रिणीचा मुलगा नोकरीनिमित्त घानाच्या राजधानीत, अक्राला असतो, त्यानं आईसाठी दोन आणल्या, त्यातली एक माझ्याकडे आली. आली तेव्हा पार चपटी होती, सामानाखाली दडपून. मला वाटलं, वाया गेली. त्यानं फोनवर सांगितलं, "मावशी, पाण्यात बुडवा आणि हातानं आकार द्या." तसं केलं, गॅलरीत सावलीला वाळवली, तर संध्याकाळपर्यंत ती गोल घाटाची होऊन बसली. देशाच्या उत्तरेकडच्या बोल्गाटांगा गावच्या आसपास या टोपल्या विणतात. आपला बांबू तिकडं नाही, ते उंच वाढणारं एक जाड गवत वापरतात. एकेक काडी चिरायची, पीळ द्यायचा, रंगात उकळायची आणि मग विणायची.

मावशींना मी हे सांगत होते. त्यांचे हात थांबले नव्हते. मांडीवर कामट्या, पुढ्यात अर्धं सूप.

"किती दिस लागत्यात एकीला?"

"दोन-तीन दिवस, म्हणाला तो."

"आन् पैसं?"

"मिळतात. बाहेरच्या देशांत चांगली मागणी आहे."

"त्ये झालं. कधी मिळत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. परदेशी कारागिरांच्या वस्तू मी गेली काही वर्षं आवडीनं घेते. त्यांच्याबद्दल वाचते. वस्तू कशाची आहे, कुणी केली, त्याला किती मिळाले, हे मी दुकानदारांना विचारत आलेय. "कधी मिळाले?" हे मात्र कधीच विचारलं नव्हतं. आणि मी तर आयुष्यभर बँकेत काम केलेली बाई.

*

माझं माहेर कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी आठच्या सुमाराला मठारकाम सुरू व्हायचं, म्हणजे तयार भांड्यावर हातोडीनं अगदी शेजारी शेजारी ठोके घालायचे. त्यानं पत्रा दणकट होतो आणि अंगावर खवल्यांसारखी नक्षी उठते. एका आळीत वीस-पंचवीस हातोड्या एकदम चालायच्या, तरी माझी आजी बसल्या जागी सांगायची की आज कुणाकडे बंब आहे आणि कुणाकडे तांब्या. मोठ्या भांड्याचा आवाज पोटातून येतो, म्हणायची.

एकदा आम्हाला घंगाळ करायचं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजीनं मला बरोबर घेतलं. माळ्यावरची फुटकी तांब्याची भांडी पोत्यात घातली होती, ती तांबटकाकांच्या तराजूत गेली. ही झाली मोड. मोडीचं वजन, त्या दिवसाचा तांब्याचा भाव, नव्या भांड्याला लागणारा जादा पत्रा आणि वेगळी घडणावळ, असा सगळा हिशेब काकांनी खडूनं फरशीवर लिहिला. धातूचे किती आणि हाताचे किती, हे त्या फरशीवर लहान मुलीलाही वाचता येत होतं. आजीनं घडणावळीत एक पैसा कमी करायला सांगितलं नाही. पत्र्याच्या जाडीवरून मात्र ती पुष्कळ भांडली.

मग तिनं कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढली आणि काकांच्या हातावर ठेवली.

"हा इसार."

वाटेत मी विचारलं, भांडं तर अजून झालंच नाही, मग पैसे कशाचे दिले? आजी म्हणाली, "अगं, तो पत्रा कशानं आणेल? आणि पंधरा दिवस त्याच्या घरी चूल पेटायला नको का?"

इसार. काही जण विसार म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात हा शब्द अजून आहे, इसारपावती करतात. रोजच्या खरेदीतून तो गेला. आता आपण तयार वस्तू उचलतो, पैसे देतो, पिशवी घेतो. ती वस्तू तयार होईपर्यंतचे दिवस कुणाच्या पैशांवर निघाले, हे आपल्या नजरेला पडायचं कारणच उरलेलं नाही.

*

बँकेत माझी बरीच वर्षं परकीय चलन विभागात गेली. निर्यातदाराला परदेशातून ऑर्डर आली की ती दाखवून त्याला माल तयार करण्यासाठी कर्ज मिळतं. त्याला पॅकिंग क्रेडिट म्हणतात. व्याजदर साध्या कर्जापेक्षा कमी असतो, कारण निर्यात वाढावी असं सरकारलाही वाटतं. माल बोटीवर चढतो, कागदपत्रं परदेशी बँकेकडे जातात, आणि खरेदीदाराला साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत दिलेली असली तर पैसे तेवढ्या दिवसांनी येतात. मधल्या काळात निर्यातदाराला बँकेचा आधार असतो. ही व्यवस्था मी चालवली आणि ती चांगली आहे असं आजही म्हणते.

तिच्यातलं भोक मला एका माणसानं दाखवलं. आमच्याकडे लाकडी खेळणी परदेशी पाठवणारा एक खातेदार होता. त्याच्यासाठी काम करणारे एक कातारी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, साठीच्या आसपासचे, अंगावर भुश्शाचा वास, काउंटरशी यायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, परदेशातले पैसे आले का हो?" त्यांना सांगितलेलं असायचं की तिकडून पैसे आले की तुमचे देतो. दुसऱ्याच्या खात्याची माहिती मला देता येत नव्हती. नियम तसा आहे आणि तो योग्यच आहे. मी म्हणायचे, "काका, मला सांगता येत नाही." ते मान हलवून जायचे.

एकदा ते आले तेव्हा त्या ऑर्डरचे पैसे जमा होऊन अकरा दिवस झाले होते. नोंद माझ्या समोरच्या पडद्यावर होती. त्याआधी चार महिने, लाकूड आणायच्या वेळी, त्याच ऑर्डरवर बँकेनं कर्जही दिलं होतं. म्हणजे ज्या खेळण्यांसाठी बँकेनं आगाऊ पैसे दिले, ती खेळणी कातणाऱ्या माणसाकडे ना आगाऊ रक्कम पोचली होती, ना नंतरची. त्या कर्जाच्या फायलीवर माझी सही होती. ऑर्डर खरी आहे का, विमा आहे का, मुदत किती, सगळं मी तपासलं होतं. माल करणाऱ्याला पैसे कधी मिळणार, असा रकाना त्या अर्जात नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ते काका नंतर यायचे थांबले. का, ते मला कधी कळलं नाही. निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज मला आठवतो. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पाऊस कधी येईल असं विचारावं तसं ते विचारायचे.

*

'फेअर ट्रेड' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो कॉफीच्या पाकिटावर. माल करणाऱ्याला त्याच्या कष्टाचं योग्य दाम देऊन केलेला व्यापार, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याला रुळलेला मराठी शब्द नाही. हिंदीत निष्पक्ष व्यापार म्हणतात. मला रास्त व्यापार बरा वाटतो.

या चळवळीची सुरुवात सहसा १९४६ सालापासून सांगतात. एडना रूथ बायलर नावाची अमेरिकन बाई मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मदतकार्याच्या निमित्तानं पोर्टो रिकोला गेली. तिथल्या बायकांचं सुईकाम तिनं पाहिलं, त्यांचं दारिद्र्यही पाहिलं, आणि ते भरतकाम घेऊन घरी आली. स्वतःच्या मोटारीतून ओळखीपाळखीत ती ते विकायला लागली. पुढे पॅलेस्टिनी निर्वासित बायकांचं कशिदाकामही त्यात आलं. देणगी गोळा करून पाठवणं तिला सोपं गेलं असतं. तिनं माल विकायचं ठरवलं, आणि विकण्यात माल चांगलाच असावा लागतो. १९६८ मध्ये दिल्लीला संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली, तेव्हा गरीब देशांनी हीच गोष्ट मोठ्या व्यासपीठावरून मांडली, की आम्हाला मदत नको, व्यापार द्या. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीवर पहिली रास्त व्यापाराची मोहोर आली.

कॉफीला मोहोर लावता येते, कारण तिचा भाव बाजारात रोज फुटतो आणि त्याखाली जायचं नाही अशी रेघ मारता येते. टोपलीचा भाव कुठल्या बाजारात फुटणार? प्रत्येक गावाची वीण वेगळी, प्रत्येकीचा हात वेगळा. म्हणून हस्तकलेत वस्तूपेक्षा संस्था तपासतात. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन हे या संस्थांचं जागतिक संघटन १९८९ मध्ये सुरू झालं. त्यांची दहा तत्त्वं आहेत. बालमजुरी नको, बायकांना समान दाम, कामाची जागा सुरक्षित, अशी बरीचशी आपल्याला अपेक्षित असतात. तिसरं वाचताना मात्र मी थबकले. हस्तकलेच्या कारागिरानं मागितल्यास त्याला निम्मी रक्कम तरी आगाऊ द्यायची, आणि त्यावर व्याज लावायचं नाही.

आजीची दहाची नोट! जगभरच्या लोकांनी बसून जे तत्त्व लिहून काढलं, ते कसब्यातली चौथी शिकलेली बाई कमरेच्या पिशवीत घेऊन फिरत होती.

मग मी या एकाच अंगानं वाचत गेले. बांगलादेशातल्या 'आडोंग'ची गोष्ट त्यात मिळाली. ब्रॅक या संस्थेनं ही दुकानं १९७८ मध्ये सुरू केली. माणिकगंजच्या बायका रेशमाचं काम करत होत्या, ढाक्याची थोडी दुकानं ते घेत होती, आणि पैसे यायला आठवडे, कधी महिने लागत होते. माल हाती आला की लगेच पैसे द्यायचे, एवढ्यासाठी संस्थेनं स्वतःचं दुकान काढलं. नक्षीकांथाचं भरतकाम, जामदानीचं विणकाम, मोठाल्या इमारती हे सगळं मागाहून आलं. मुळात प्रश्न बुरुड आळीतल्या मावशींचाच होता, कधी?

आणि टोपलीचंही तसंच. उत्तर घानात पाऊस वर्षातून एकदाच येतो. शेती त्या थोड्या महिन्यांत उरकते आणि कोरड्या लांबलचक महिन्यांत टोपल्या विणायच्या. गवत आता तिथं पुरेसं मिळत नाही, बरंचसं दक्षिणेकडून विकत आणावं लागतं. म्हणजे विणायला बसण्याआधीच घरातून पैसे बाहेर जातात. त्या वेळी निम्मे पैसे हातात असणं आणि नसणं यात सावकाराच्या दाराएवढं अंतर आहे.

*

२०१८ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी नेपाळला गेलो होतो. भूकंपाला तीन वर्षं झाली होती, पाटणच्या देवळांना अजून लाकडी टेकू होते. पाटणच्याच कुपंडोल भागात हस्तकलेची दुकानं आहेत. त्यातल्या एकात मी लोकता कागदाच्या वह्या घेतल्या.

या कागदाचा मला लोभ आहे, कारण आमच्या कसब्यात कागदीपुरा आहे. कागद करणारे तिथून कधीच गेले, नाव राहिलं. जुन्नरचा हातकागद एके काळी मराठी मुलखात नावाजलेला होता. पेशवे दफ्तरातले कागद मी एकदा पाहिले आहेत, रुमालात बांधलेले. शाई ताजी वाटावी इतके ते टिकलेत. लोकता हे हिमालयात उंचावर वाढणारं झुडूप. त्याचं खोड जमिनीच्या वर कापतात, मुळं राखतात, म्हणजे काही वर्षांनी ते पुन्हा वाढतं. आतली साल शिजवायची, कुटायची, तिचा लगदा पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीत ओतायचा आणि चौकटीसकट उन्हात उभा करायचा. या कागदाला कसर लागत नाही. नेपाळात जमिनीचे दस्त पिढ्यान्‌पिढ्या त्यावर लिहिले गेले.

दुकानातल्या बहिणीला (तिकडं सगळ्या बायकांना दिदी-बहिनीच म्हणतात) माझ्या मैत्रिणीनं सवयीनं भाव कमी करायला सांगितला. ती हसून नाही म्हणाली. हिंदीत म्हणाली, दोलखाच्या गावांतून कागद येतो, पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम बंद असतं, त्या महिन्यांत आम्ही पुढच्या कागदाचे पैसे देऊन ठेवतो. ते या वहीत आहेत, मी कशातून कमी करू?

इतकं स्पष्ट उत्तर मला पुण्यातल्या कुठल्या दुकानात मिळालं नव्हतं. ज्यांना माहीत असतं ते असं सांगतात. ज्यांना माहीत नसतं ते चरख्यावर बसलेल्या हसऱ्या बाईचा फोटो दाखवतात.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी काठमांडूत ठमेलच्या गल्लीत एका छोट्या दुकानात मी नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची पिशवी आठशे नेपाळी रुपयांवरून साडेचारशेला आणली. चांगली अर्धा तास घासाघीस केली. हॉटेलवर येऊन हिशेब मांडला. आपले शंभर म्हणजे नेपाळचे एकशे साठ. माझे वाचले होते साधारण दोनशे एकोणीस रुपये. त्या दुकानाचं भाडं माझ्या बोलण्यानं कमी झालं नसणार, विजेचं बिलही नाही. ते पैसे कुठून गेले असतील हे मला कळत होतं, पिशवीच्या कडेची हातशिलाई समोरच दिसत होती. ती पिशवी मी वापरते. कपाटात टाकून दिली असती तर आणखी वाईट झालं असतं.

*

माझा भाचा मला विचारतो, मावशी, आपले तांबट, आपले बुरूड इथं असताना नेपाळ आणि आफ्रिका कशाला? तो रागानं विचारतो आणि त्याचा राग मला आवडतो. तांबट आळीत आता थोडीच घरं काम करतात. बंब गेले, घंगाळी गेली. पण जी घरं टिकली त्यांचे मठारलेले वाडगे आणि दिवे आज मुंबई-बंगळूरला आणि परदेशातही जातात. तिकडच्या कुणा बाईनं आपल्या तांबटाचा दिवा हातात घेतला आणि तिच्या भाच्यानं तिला हाच प्रश्न विचारला, तर? आम्ही दोघीही आपापल्या गल्लीतच राहिलो तर गल्ल्या वाचतील असं मला वाटत नाही. मी दोन्हीकडून घेते. कमी घेते, पण घेते.

दुसरी शंका माझी स्वतःची आहे. दयेनं घेतलेली वस्तू. "बिचाऱ्या बायका" म्हणून घेतलेली पर्स कपाटात पडून राहते, आणि पुढच्या वर्षी आपण तिथून काही घेत नाही. कारागिराला एक मोठी ऑर्डर येऊन मग दोन वर्षं काहीच न येणं हे फार महागात पडतं. माणसं शिकवलेली असतात, सामान भरलेलं असतं. परदेशी ऑर्डरी बहुतेक नाताळच्या तोंडावर लागतात, त्यामुळे उन्हाळ्या-पावसाळ्यात घाई आणि नंतर सामसूम. त्यात दर वर्षी तिकडच्या ग्राहकाला नवा रंग हवा. हे सगळं रास्त व्यापाराच्या दुकानांनाही सुटलेलं नाही, त्यांच्या हेतूंबद्दल मला शंका नसली तरी. म्हणून मी तीच वही पुन्हा मागवते. सातव्यांदा मागवली या वर्षी. कुपंडोलच्या त्या बहिणीला आता माझं नाव माहीत आहे, आणि मी ऑर्डरबरोबरच सगळे पैसे पाठवते. तिनं मागितले नव्हते.

(नमद्याची नेपाळी लोकर पुष्कळदा न्यूझीलंडहून येते, हे कळल्यावर भाच्याला फार समाधान वाटलं. मला त्यात काही खोट दिसत नाही. आमच्या तांबटांचं तांबं तरी कुठं कसब्यात पिकत होतं!)

*

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मी मैत्रिणीच्या मुलाकडून मागवलं. त्यानं ज्या गटाकडून टोपल्या घेतल्या तिथं विचारलं. ऑर्डरीच्या वेळी गवताचे पैसे मिळतात, उरलेले टोपली हातात दिल्यावर, असं त्यांनी सांगितलं. हे सांगायला मी पुन्हा बुरुड आळीत गेले, नवरात्र नुकतंच संपलं होतं.

"ब्येस हाये की मंग," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा कामट्या सोलायला लागल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पन्नासेक बायका येतात. इतकी वर्षं मी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटले. घाऊक दुकानात जायचं, डझनावर घ्यायचे, रिक्षात घालायचे. या वर्षी मला परड्या हव्या होत्या, फुलांच्या, हातभर दांडीच्या. एक्कावन्न. मावशींनी एक नमुना काढून दाखवला. मी तो पालथा केला आणि बूड बघितलं. त्यांना हसू आलं.

दर ठरला. त्यांनी सांगितला तोच ठरला. मी निम्मे पैसे काढून त्यांच्यापुढे धरले.

"हे कशापायी? माल कुठं झालाय?"

"इसार, मावशी."

त्यांनी हात पदराला पुसले. नोटा मोजल्या नाहीत, कपाळाला लावल्या आणि आत सुनेला हाक मारून तिच्याकडे दिल्या. "बांबूवाल्याला फोन लाव," तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"कधीपत्तुर पायजेत, ताई?"

"तुम्ही सांगा."

त्या जरा गप्प झाल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या. दिवाळीच्या दुरड्या आहेत, मग तुळशीचं लग्न, मग लग्नसराईची सुपं, नातीची परीक्षा मध्येच, आणि ओला बांबू आठ दिवस तरी पडून राहायला हवा.